पिंपातलं इंजिन

नळायिनीने दोर ओढला आणि पिंपाच्या कडेला अडकवून पंखा पाण्यात बुडवलेलं होडीचं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पाणी उसळून तिच्या तोंडावर आलं.

"पिंपात बघ कसं शहाण्यासारखं चालतं!" संतियामामा म्हणाले. "समुद्रात गेलं की लगेच मान टाकतं. आता मासेही पिंपातच धरू का?"

इंजिन त्यांनी पुन्हा एकदा खांद्यावरून वाहून आणलं होतं. श्रीलंकेतल्या मुल्लैतीवूच्या त्या किनाऱ्यावर बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, अशी रीत. त्यामुळे लढाईनंतर बायकांसाठी इंजिनदुरुस्तीचा वर्ग निघाला, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. आता वर्ग संपत आला होता. गावातलं एक तरी बिघडलेलं इंजिन जी नीट करून देईल, तिलाच हत्यारांची पेटी मिळणार होती. नळायिनीकडे मामांखेरीज कोणी फिरकलं नव्हतं.

"मामा, इथं ते वर्गाच्या इंधनटाकीवर चालतं. तुमची टाकी होडीत आहे. दोष तिथंच असणार. मला होडीत येऊन बघावं लागेल."

"होडीत? तू?" मामांनी कानाला हात लावला. "बाईचा पाय लागला की जाळं रिकामं येतं, पोरी."

शेजारी पुष्पममामी मासे वाळत घालत होत्या. नवऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"लढाईच्या शेवटी गावच्या बायकापोरी खाडीपार नेल्यात, त्या काय बैलगाडीतून?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसलं? पाय हेच होते."

नळायिनी पान्यावरचं तेल पुसत राहिली. त्या बायकापोरींत तीही होती.

थोड्या वेळाने मामांनी इंजिन खांद्यावर घेतलं.

"चल. चपला मात्र इथंच काढ."

लाटा ओलांडल्या आणि इंजिन धापा टाकू लागलं. नळायिनीने टाकीचं झाकण जरासं सैल केलं. सूं करून हवा आत शिरली, इंजिन सावरलं. तिने झाकण काढून उन्हात धरलं. त्यातलं बारीक भोक मेणाने बुजलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. संत अंतोनीच्या देवळातली मेणबत्ती आहे ती! खारं पाणी आत जायला नको, वर आशीर्वादही."

"इंधन बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला नको का, मामा? तुमच्या आशीर्वादाने टाकीचा गळाच दाबला!"

मामा क्षणभर गंभीर झाले. मग इतके हसले की होडी डुलू लागली.

नळायिनीने केसांतल्या आकड्याने मेण खरवडलं. समुद्रात टाकलं नाही; गोळी करून होडीच्या टोकाला चिकटवून दिलं. मामांनी ते पाहिलं आणि तिला काही न विचारता होडी जाळ्याकडे वळवली. जाळ्यात फार काही नव्हतं, पण ते रिकामंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या आळीतला रासैया वर्गाच्या दारात उभा राहिला. खांदा मोकळाच होता.

"इंजिन बिघडलंय, अक्का."

"मग आणलं नाहीस?"

"होडीवरच आहे," तो वाळूकडे बघत म्हणाला. "येतेस ना?"