टेबलावरचा नारळ

दाजींनी पिशवीतून नारळ काढला आणि एस.टी.च्या साहेबांच्या टेबलावर, अगदी दौतीला खेटून ठेवला. साहेब दचकून मागे सरले. लाचबिच समजले असणार. दाजींच्या मागे उभ्या शेवंतीने मनात म्हटलं, आटपलं सगळं.

"तुमका नाय हो तो," दाजी म्हणाले. "फुड्यात नारळ नसलो तर माका बोलाकच येणा नाय."

हे मात्र खरं. चाळीस वर्षं वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ते दाजींनी. गाय हरवो नाहीतर मुलगा गलबतावर जावो, देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने तेच बोलणार. एरवी मुका बरा इतका अबोल माणूस.

आचऱ्याची गाडी दिवाळीपासून चार मैल पुढे वाडीपर्यंत येऊ लागली होती, पण तात्पुरती. पावसात उतारू घटले की बंद, असं पत्र आलं होतं. गाडी बंद म्हणजे शेवंतीचं मालवणचं हायस्कूल बंद. आईने तसं सांगूनच टाकलं होतं. म्हणून तिने शुद्ध मराठीत ऐटबाज अर्ज लिहून दाजींकडून आठवडाभर घोकून घेतला. दाजी 'सविनय'च्या पुढे सरकले तर शपथ.

आताही त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, वहाणा काढल्या नि हात जोडले.

"बा सायबा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत."

"व्हय म्हाराजा," मागे उभी असलेली दहा माणसं सवयीने म्हणाली.

"पावसात माणसां कमी बसतत, पण पोरींची शाळा पावसात बंद नसता. म्हयन्याच्या गल्ल्यार गाडयेचो जीव टांगू नको. तिचो खर्च वर्साच्या कायमच्या तजविजीत धर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी दारातला शिपाईही म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"आमच्या वाटेचे खड्डे आमी बुजवू. चुकला माकला पोटात घाल."

साहेब हसले नाहीत. वर लिहितो, एवढंच म्हणाले. मिरगाच्या आधी पत्र आलं: गाडी कायम.

पहिल्या पावसात सारी वाडी खड्डे बुजवायला लोटली. दुसऱ्या पावसात निम्मी. पुढे एकटे दाजी उरले. नारळ ठेवून बोललेला शब्द. तो त्यांना मोडता येईना. डोक्यावर इरलं, टोपलीत चिऱ्याचे तुकडे, सकाळच्या गाडीला ते वळणावर दिसायचेच. शेवंती खिडकीतून हाक मारायची, दाजीनू, एकदा तरी बसा.

"मी खंय जातंय? तू जा गो."

ती गेली. आठवी, नववी, दहावी, पाऊस कुठलाही असो. अकरावीत गेली त्या वर्षी आषाढात दाजी वारले. ते त्या गाडीत एकदाही बसले नाहीत.

तेराव्यानंतरच्या सकाळी ड्रायव्हरने वळणावर गाडी थांबवली. कुणी चढणारं नव्हतं. चाकापुढे ताजा खड्डा होता आणि कडेला दाजींची टोपली पालथी पडली होती.

शेवंतीने दप्तर सीटवर ठेवलं, परकर खोचला आणि उतरली. तिच्यामागून माशांची पाटी सोडून सुशीला उतरली. मग एकेक करत सगळेच. चिरे पडले, माती पडली, शेवंतीने वर उभं राहून पायांनी ती चोपली.

"झाला?" ड्रायव्हरने विचारलं.

"व्हय म्हाराजा," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि कंडक्टरने घंटी मारली.