माघातली आखाजी

खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा जळगावला गेला, पश्चिमेचा धुळ्याला राहिला, तेव्हा आमच्या हिवरगव्हाणात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जिल्हा कुठेही जावो, आमची कचेरी तापीपलीकडे होती आणि तिथेच राहिली. पण पुढच्याच साली बातमी आली, की तापीच्या अलीकडच्या एकतीस गावांचा वेगळा महाल, म्हणजे छोटा तालुका, होणार, त्याला स्वतःचा महालकरी मिळणार आणि कचेरी यातल्याच एका गावात बसणार. त्यासाठी दोन गावं साहेबांच्या नजरेत होती. एक आमचं आणि दुसरं टेंभुर्डं.

टेंभुर्ड्याची चारशे घरं, वर कौलारू धर्मशाळा. नरडाण्याचं स्टेशन जवळ, म्हणून तोरा तर असा की जणू आगगाडी यांच्याच गोठ्यात बांधलेली असते! आमची घरं अडीचशे. धर्मशाळा आम्हालाही होती, पण तिचं अर्धं छप्पर वादळात गेलं ते गेलंच.

गावातल्या पुरुषांना कचेरी हवी होती मिरवायला. पागोटी बांधून ओट्यावर बसायचं आणि आल्यागेल्याला सांगायचं, आमच्याकडे महालकरी असतात. मला मात्र कचेरी हवी होती ती माझ्या शेतासाठी.

आमचे मालक वारले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. भावाभावांची वाटणी ते असतानाच झाली होती. ओढ्याकाठचं काळं रान आमच्याकडे आलं, माळाचं धाकट्या दिराकडे, झुलालकडे. मालक गेले आणि झुलालला एकदम आठवलं की वाटणी झालीच नव्हती! त्याने कचेरीत अर्ज टाकला. मला तारीख लागली. पहिल्या तारखेला तापीला पूर, नावाडी नाव सोडेना. दुसऱ्या तारखेला चालत, नावेतून, पुन्हा चालत पोचले, तर साहेब फिरतीवर. कारकून मान वर न करता म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी हजर नसलात तर निकाल तुमच्याशिवाय लागेल."

हजर राहायचं कसं? घरी सासू अंथरुणाला खिळलेली. एका तारखेला दोन रात्री बाहेर, आणि तेवढ्यात म्हातारीला पाणी कोण पाजणार? झुलाल आणि त्याची बायको तर आमच्या उंबऱ्यालाही शिवत नव्हते. सासू मात्र माझ्या बाजूची. म्हणायची, "झुलाल मना पोऱ्या शे, पण लबाड शे."

नवा महाल झाला की अलीकडच्या गावांचे कागद नव्या कचेरीत येणार होते. कचेरी आमच्याकडे आली तर मी उठून समोर जाऊन उभी राहिले असते. टेंभुर्ड्याला गेली तर सहा कोस. गाडीचे बैल झुलालच्या दावणीला, म्हणजे पायीच जायचं, मुक्काम करायचा आणि परत यायचं. मग शेत गेलंच म्हणायचं.

माघात चावडीवर बैठक भरली. सुकदेव आबा आमचे पाटील, माणूस देवासारखा, पण घाबरट. ते म्हणाले, "प्रांतसाहेब शुक्रवारी येणार. आदल्या दिवशी टेंभुर्ड्याला. कारकुनाकडून कळलं, साहेब वस्ती बघणार. ज्याची वस्ती मोठी त्याची कचेरी. आते बठ्ठं गयं, सगळं गेलं!"

सगळे माना खाली घालून बसले. आम्ही बायका कडेला, पदर ओढून. मला राहवेना.

"आबा, आखाजीला आपल्या गावात माणूस किती होतं?"

"आखाजीला? लेकी येतात, गाव गजबजतं."

"मग आखाजी करा!"

"बाई, आखाजी वैशाखात. हा माघ चाललाय."

"साहेब पुण्याकडचा. त्याला काय ठाऊक आमची आखाजी कधी असते?"

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि पुरुष बसतात पत्ते कुटत. खऱ्या आखाजीला आम्ही सुनाही आपापल्या माहेरी जातो. यंदा सुनांनी हलायचं नाही आणि लेकींनी मात्र यायचं, असं ठरलं. गाव दुप्पट! आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "भिकुबाई, तू पाटील व्हायला हवी होतीस." झुलाल कोपऱ्यातून माझ्याकडे असा बघत होता, की त्याच्या नजरेने दूध नासावं.

महालातल्या गावोगावी लेकींना आणायला मुराळी सुटले. निरोप एकच: शुक्रवारी उजाडता निघा, जावयाला आणा, पोरंबाळं आणा आणि दिवेलागणीच्या आत परत जा, कारण रात्री निजवायला इथे कुणाकडे जागा नाही.

आणि काय सांगू, आल्या! शुक्रवारी न्याहारीच्या वेळेपर्यंत गाड्यांवर गाड्या, आणि त्याहून जास्त पायी येणाऱ्यांची रीघ. हारुन शिंप्याने जुन्या लुगड्यांच्या पताका करून दिल्या. त्याची लेक हसीनाबी खर्ड्याहून दोन पोरं घेऊन आली आणि थेट झोक्यावरच चढली. चौदा झोके बांधले होते, तरी भांडणं. आंबे नव्हते, पण सांजोऱ्या होत्या, आणि बायकांना माहेर अडीच महिने आधी मिळालं होतं! कुणी विचारलं नाही की कशासाठी. मीसुद्धा घटकाभर शेत विसरले. तीन वर्षांत एवढी हसले नव्हते.

साहेब आले घोड्यावरून, मागे कारकून. पुरुष चावडीत पत्त्यांत असे रंगले होते की आबांना ओरडावं लागलं, तेव्हा कुठे पत्ते धोतरांखाली गेले. साहेब उंच, चष्मेवाले, बोलणं अगदी पुस्तकी. झोके बघत म्हणाले, "वस्ती बरीच आहे की. नोंदीत तर कमी दिसते."

"वाढली, साहेब," आबा म्हणाले.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग कारकुनाने पुढे उभ्या असलेल्या मोतीलालला विचारलं, "नाव? इथलेच ना?" मोतीलाल आबांचा थोरला जावई, विखरणच्या पाटलाचा मुलगा, रेशमी काठाचं उपरणं घालून आलेला. तो असा भडकला!

"इथला? मी काय घरजवाई शे का?"

साहेबांनी भुवया वर केल्या. जवळच्या झोक्यावर सुंदरबाई होती, कडेवर पोर. तिला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

"मना गाव आरावं शे, साहेब."

"आणि तुमचं?"

"जातोडं."

"तुमचं?"

"खर्डं," हसीनाबीने झोका न थांबवता सांगितलं.

अगं बाई! पताका लावल्या, सांजोऱ्या तळल्या, पत्ते लपवले, पण पोरींना कुणी सांगितलंच नाही. आणि सांगून तरी काय? आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला झोपेतून उठवून गाव विचारा, ती सासरचंच सांगणार. माहेर ते माहेर, गाव म्हणजे नवऱ्याचं. तिथे खोटं बोलायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येणार नाही. माझ्याही आलं नव्हतं.

साहेबांनी वही खाडकन मिटली.

"पाटील! ही काय थट्टा चालवली आहे? सोयरे गोळा करून सरकारला फसवता? यापेक्षा टेंभुर्डे बरे. लिहा हो, टेंभुर्डे."

झुलाल मिशीत हसला. तेवढं मात्र मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि सरळ साहेबांच्या घोड्यापुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, आबांना बोलू नका. ही लबाडी माझी. मी सांगितलं म्हणून झालं."

"तुम्ही कोण?"

"भिकुबाई. माझी तारीख आहे तुमच्या कचेरीत. दोन चुकल्या. एकदा नदी आडवी आली, एकदा तुमचे साहेबच जागेवर नव्हते. तिसरी चुकली की माझं शेत गेलं. घरी सासू खाटेवर, तिला टाकून मी टेंभुर्ड्याला कशी जाऊ? तिथे आगगाडी आहे म्हणतात. असेल! माझ्या दारातून जाते का ती? तुम्ही घरं मोजता, साहेब. घरांना तारखा लागतात का? तारखा माणसांना लागतात, आणि माणसाला कचेरीत पायी यावं लागतं!"

बोलून गेले. आता बेड्याच, असं वाटलं. झोके सगळे थांबले होते.

साहेब घोड्यावरून उतरले आणि सुंदरबाईकडे गेले.

"आराव्याहून कधी निघालात?"

"उजाडता, साहेब. भाकरी बांधून."

"चालत?"

"चालतच. गाडी सासऱ्यांनी शेतावर नेली."

"पोर घेऊन?"

"मग ते काय घरी स्वयंपाक करणार?" सुंदरबाई म्हणाली. साहेब हसले! आबांनी तेव्हा कुठे श्वास सोडला असावा.

"परत कधी जाणार?"

"दिवेलागणीच्या आत. म्हैस दोहायची आहे."

मग साहेब हसीनाबीकडे गेले, जातोड्याच्या ताईबाईकडे गेले, एकेकीकडे गेले. कारकुनाची लेखणी थांबेना. सगळ्यांचं उत्तर तेच: सकाळी निघालो, संध्याकाळी घरी. मोतीलालनेही छाती काढून सांगितलं, विखरणहून न्याहारीपर्यंत पोचलो. साहेबांनी खाटेवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार सांजोऱ्या ठेवल्या आणि कारकुनाला गावं वाचायला लावली. एकतीसपैकी सव्वीस गावांची माणसं त्या घटकेला आमच्या चौकात उभी होती.

"काल टेंभुर्ड्यात माझ्यापुढे दोनशे पागोटी बसली होती," साहेब कारकुनाला म्हणाले, "सगळी टेंभुर्ड्याची. हा महाल सव्वीस गावांनी पायी चालत येऊन दाखवला. टेंभुर्ड्याला ते जमलं नसतं. ते कोपऱ्यात आहे." मग माझ्याकडे वळले. "बाई, लबाडी वाईटच. पण यातून खरं काय ते बाहेर पडलं."

आबांनी घाईघाईने आणखी सांजोऱ्या पुढे केल्या. साहेबांनी त्या खाल्ल्या आणि शिक्षाही ठोठावली: सरकारला फसवल्याबद्दल गावाने धर्मशाळेचं छप्पर अंगमेहनतीने घालून द्यायचं, पाडव्याच्या आत.

शिक्षा म्हणजे काय ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं: कचेरी त्याच छपराखाली बसणार होती! गावात ढोल वाजला. छप्पर घालायला झुलालही आला, यावंच लागलं. मी मुद्दाम त्याच्याच हातात कौलं दिली.

पाडव्यानंतर महालकरी आले. धर्मशाळेत टेबल, खुर्ची, दोन कारकून, दाराशी पट्टेवाला. पलीकडून कागदांचे गठ्ठे आले आणि वैशाखात माझी तारीख लागली. सकाळी मी म्हातारीला न्हाऊ घातलं, चूल पेटवली, आणि पट्टेवाल्याची हाक आली तशी निघाले. आमच्या दारापासून कचेरी मोजून साठ पावलं.

झुलाल आधीच येऊन बसला होता. वाटणीच्या वेळचे साक्षीदार सुकदेव आबा. ते ओट्यावरच होते, आत आले आणि उभ्याउभ्या साक्ष दिली. पूर्वी या साक्षीसाठी त्यांना नदीपलीकडे कोण नेणार होतं? झुलाल चाचरला आणि मागे सरला. महालकरी तरुण होते, सावकाश लिहिणारे. एक ओळ लिहून टीपकागद दाबायचे, मग दुसरी. मी या पायावरून त्या पायावर.

"बाई, बसा की," ते म्हणाले. "घाई कसली आहे?"

"साहेब, चुलीवर दूध ठेवून आले आहे. जरा भरभर लिहा."

सगळी कचेरी हसली. पट्टेवालासुद्धा. महालकऱ्यांनी भरभर लिहिलं, मी अंगठा उठवला, त्यांनी नोंद मोठ्याने वाचून दाखवली: ओढ्याकाठचं काळं रान, भिकुबाईच्या नावे. मी पळत सुटले. घरी पोचले तर दूध काठापर्यंत आलं होतं. पदराने पातेलं उतरवलं आणि तिथेच चुलीपुढे बसून हमसाहमशी रडले.

खाटेवरून सासूने विचारलं, "काय व्हयनं, भिकू?"

"शेत आपलं झालं, आत्याबाई."

"मग रडतेस काय अशी?" म्हातारी म्हणाली. "दे इकडे वाटीभर दूध, आणि तूही घे."