माहेरचा माणूस

नळदुर्गात रेवणप्पाचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, तेव्हा मयतीच्या घरी जायचं म्हटलं की त्याला अवघड व्हायचं. काय बोलावं तेच सुचायचं नाही. कोपऱ्यात बसून डोळे पुसायचा आणि गुपचूप उठायचा. आमदार झाला आणि ती अडचण मिटली. हात जोडायचे, मान खाली घालायची, "देवापुढं कुणाचं चालतंय? काही लागलं तर हक्कानं सांगा," म्हणायचं, फोटो झाला की उठायचं. माणूस कशाला सरावेल याचा नेम नाही बाबा.

पण त्या दिवशी गाडी मुरुमला निघाली होती. थोरल्या बहिणीचा, नीलम्माचा, एकुलता एक विरेश मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. आई लवकर गेल्यावर अक्कानंच रेवणप्पाला भरवून मोठं केलेलं. निवडून आल्यापासून मात्र तो तिचा उंबरा चढला नव्हता. तिनं बोलावलं की याचा दौरा. पोराच्या मातीलाही तो मुंबईत अडकला. आज अक्कानं गळ्यात पडून रडावं, हवं तर चार शिव्या घालाव्यात, एवढंच त्याला पाहिजे होतं.

माहेरचा माणूस दारात आला की बाई हंबरडा फोडतेच, आपल्याकडची रीतच आहे. रेवणप्पा आत शिरला आणि बायकांनी पदर सावरले. घर गप्प झालं. मागून कार्यकर्ते घुसले, एकानं मोबाईल वर धरला. तो अक्कासमोर बसला, तिच्या गळ्यात पडणारच होता; पण सवय वाईट. हात आपोआप जोडले गेले.

"देवापुढं कुणाचं चालतंय," तो म्हणाला. "काही लागलं तर हक्कानं सांगा."

सख्ख्या बहिणीला हे. जीभ कशी झडली नाही त्याची.

अक्कानं त्याच्याकडं बघितलं आणि तिनंही हात जोडले. "न्हाय साहेब, काय लागत न्हाय. तुमी लांबून आलात, लई उपकार झाले."

तो तिचा हात धरायला पुढं सरकला, तेवढ्यात पीए कानाशी म्हणाला, "साहेब, उशीर होतोय." आणि रेवणप्पा उठला. का उठला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

बाहेर तो चपला घालत होता. एसटीनं आलेला चुलतभाऊ हणमंतप्पा त्याच्या बाजूनं आत गेला, आणि आतून अक्काचा हंबरडा आला. "हणमंता, माझं लेकरू गेलं रे... तुझ्याबिगर माहेरचं कुणी उरलं न्हाय रे मला..."

रेवणप्पा मागं वळला. माघारी जावं, तिचे पाय धरावेत, असं फार वाटलं. दारात मोबाईलवाला अजून उभाच होता.

"साहेब, अणदूरलाही एक मयत झालीय," पीए म्हणाला. "जायचं ना?"

"चला," रेवणप्पा म्हणाला.