दहा हेलकावे

पेठ गावातली कल्याणी पुढं गणितच घेणार, हे कल्याणी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील रत्नदीप गावच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासायचे. कॅन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते पोरीचे गणितातले मार्क ऐकवत. ऐकता ऐकता लोक फॅट कमी का लागलं म्हणून भांडायचंच विसरून जात. मंचरला ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. यंदा गणित आणि फिजिक्स दोन्ही होतं, पण पुढच्या वर्षी त्यातला एकच मुख्य विषय धरायचा होता. पप्पांनी तर तिच्या गणिताच्या क्लाससाठी पुढची खोली मनातल्या मनात रंगवूनही टाकली होती.

कल्याणीचीही तशी ना नव्हती. गणितात तिला पैकीच्या पैकी पडायचे. फिजिक्सही बरं चाललं होतं, लंबकाचं प्रॅक्टिकल येईपर्यंत.

प्रॅक्टिकल साधं होतं. दोऱ्याला लोखंडी गोळा टांगायचा, त्याच्या दहा हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठ, हे शाळेपासून पाठ. कल्याणीचं आलं बारा.

तिची जोडीदार सफा मंचरचीच, थंड डोक्याची. तिनं सुचवलं की नऊ पॉइंट आठ लिहू आणि वडापाव खायला जाऊ, सगळा वर्ग तेच करतोय. कल्याणीला ते पटेना. ती बारा घेऊन बाणखेले सरांपुढं उभी राहिली. सरांनी आकडा दोनदा वाचला.

"पृथ्वीची एवढी ओढ असती तर धापा टाकत जिना चढून आला असता तुम्ही," ते म्हणाले. वर्ग हसला.

बसमध्ये बसून कल्याणीनं आकडेमोड पुन्हा तपासली. ती बरोबर निघाली, आणि तीच खरी पंचाईत होती. आजवर तिची आकडेमोड बरोबर आली की उत्तरही मुकाट्यानं बरोबर यायचं. दुसऱ्या दिवशी तिनं दोरा बदलला. मग गोळा बदलला. मग वारा लागतो म्हणून पंखे बंद करायला लावले आणि अख्ख्या वर्गाच्या शिव्या खाल्ल्या. उत्तर बाराच. ही बातमी गणिताच्या वाव्हळ मॅडमच्या कानावर गेली. त्यांनी तिला मायेनं जवळ बोलावून सांगितलं की आमच्याकडं ये, आमच्याकडं असला घाम गाळावा लागत नाही.

शेवटी सफा वैतागली. म्हणाली, आता मोजायचं काम माझं, तू नुसतं घड्याळ धर. कल्याणीचा विश्वास बसेना, म्हणून तीही मनात मोजत राहिली. 'दहा' झाले तसं तिनं घड्याळ थांबवलं. त्याच क्षणी सफा म्हणाली, "नऊ."

दोघी भांडल्या. वर्ग प्रॅक्टिकल सोडून बघत राहिला.

"तुला मोजता येत न्हाई," कल्याणी म्हणाली.

"मला? गोळा सोडल्या सोडल्या तू एक म्हणतीस. तो अजून कुठं गेला पण नसतो."

कल्याणीनं गोळा पुन्हा सोडून पाहिला आणि स्वतःचंच 'एक' ऐकलं. गोळा जाऊन परत आला की एक. ती सुटतानाच एक म्हणत होती, म्हणजे हेलकावे नऊ व्हायचे आणि भागायची दहानं. गणितात पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या पोरीला दहापर्यंत मोजता येत नव्हतं. तिला एवढं हसू फुटलं की सरांना वाटलं, पोरीला काही झालं.

नीट मोजल्यावर उत्तर आलं नऊ पॉइंट सात. मग तिनं गोळा आणखी दोनदा सोडला, उगीचच, बघायला मजा वाटली म्हणून.

संध्याकाळी तिनं पप्पांना सांगितलं की मी फिजिक्स घेणार, आणि सगळी हकिकतही सांगितली. पप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"म्हंजी इतके दिस पृथ्वी बरोबर व्हती आन तू चुकत व्हतीस."

"व्हय."

"आन तुला त्याचाच आनंद झालाय."

"लई," कल्याणी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पप्पांना डेअरीत नवी बातमी सांगणं भाग पडलं. पोरगी गणितात नापास झाली असणार, असं समजून लोक त्यांच्याशी फार हळुवार बोलायला लागले.

आणि सफानं गणित घेतलं. जे उत्तर आधीच ठाऊक आहे त्यासाठी आठवडा घालवणं तिला परवडणारं नव्हतं. वाव्हळ मॅडमना एक विद्यार्थिनी हवी होती, ती मिळाली. फक्त तिचा पहिला गृहपाठ कल्याणीला करून द्यावा लागला.