गोळ्यांची वाटणी

सरहद्द ओलांडताना से ने नावाच्या बाईला पाहून म्हणे जंगलातल्या वाघानेच वाट बदलली होती. निर्वासितांच्या छावणीत ती ही गोष्ट सांगायची तेव्हा वाघ बेताचा होता. पुढे परदेशात, सेंट पॉलला आल्यावर तिथली थंडी त्याला कशी मानवली कोण जाणे, दर हिवाळ्यात तो हातभर वाढत गेला.

तिची शेजारीण लेर पॉ मात्र कशालाही भ्यायची. सरकत्या जिन्याला, टपालाच्या पाकिटाला, आणि सगळ्यात जास्त गणवेशाला. गणवेश दिसला की दार लावायचं आणि श्वास रोखायचा, हे तिला सैनिकांनी पेटवलेल्या गावांनी शिकवलं होतं.

त्या बुधवारी चर्चच्या तळघरातल्या इंग्रजीच्या वर्गात सोल्वेग थरामूने, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंनी, पुठ्ठ्याची औषधाची बाटली आणली. चांगली बादलीएवढी.

"हे सगळ्यात वर काय लिहिलंय?"

"माणसाचं नाव," वर्ग ओरडला.

"किती माणसांचं?"

"एकाचं."

सहा महिन्यांत लेर पॉने वर्गात तोंड उघडलं नव्हतं, ते आज उघडलं. "थरामू, साखरेची गोळी दुसरीनं खाल्ली तर?"

थरामूला कोण आनंद! "शाब्बास! साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणं. मग शुद्ध जाते, माणूस दगावूही शकतो. गिळता येत असेल तर गोड द्यायचं आणि लगेच रुग्णवाहिकेसाठी नऊ-एक-एक फिरवायचा."

लेर पॉने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. से ने ताप अंगावर घेऊनही वर्गाला यायची.

छावणीत तांदूळ आले, तेल आलं, की वाटून घ्यायचं. एकटीनं खाणारीचं तोंड कोणी पाहत नसे. मग दवाखान्याने लेर पॉला साखरेच्या आजारासाठी दिलेल्या तीस गोळ्या एकटीनं कशा खायच्या? काल संध्याकाळीच तिने आपल्या जिन्यावर राहणाऱ्या चौघींना, त्यात से नेलाही, दोन-दोन दिल्या होत्या, वर "अंगात जोर येतो गं" असंही सांगितलं होतं.

कोटाची बटणं न लावताच ती बर्फातून पळाली.

से नेचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसली होती, घामाने चिंब, दात कडकडा वाजत होते.

"हळू बोल," ती म्हणाली. "वाघ जिन्यात बसलाय."

"गोळ्या कधी खाल्ल्यास? किती?"

"दोन्ही... सकाळी. भूक मेली होती, चहासुद्धा नाही घेतला."

लेर पॉने चहाच्या घट्ट गोड दुधाचा डबा ओढला आणि चमच्याचमच्याने तिला चाटवू लागली. दुसऱ्या हातात फोन. तो आकडा फिरवला की गणवेश येणार. विचारणार, विष कोणी दिलं? मग आपल्याला कुठे पाठवतील? मागे तर गावच उरलं नाही. बोट तिसऱ्या आकड्यावर थांबलं. तेवढ्यात से नेची मान कलली.

तिने बटण दाबलं.

पलीकडची बाई काय झालं ते विचारत होती. वर्गात घोकलेलं एकही वाक्य आठवेना. लेर पॉने बाटली डोळ्यांसमोर धरली, औषधाचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं, पत्ता सांगितला आणि म्हणाली, "गोळी माझी. नाव माझं. खाल्ली तिनं. दिली मी."

रुग्णवाहिकेतून दोघे आले, निळ्या गणवेशात, दाराएवढे. एकाने से नेच्या दंडात सुई खुपसली. दुसऱ्याने विचारलं, "आणखी कोणाला दिल्या?"

गप्प बसता आलं असतं. लेर पॉने तीन बोटं वर केली.

त्याने पहिलं दार ठोठावलं. आतला रेडिओ गप्प झाला. आतली बाई कशी भिंतीला पाठ लावून उभी असेल, ते लेर पॉला डोळे मिटूनही दिसलं. तिने फटीला तोंड लावलं.

"उघड गं! मी आहे. गोळ्या खाल्ल्यास का?"

"मूगा... मावशी, तुझ्यासोबत कोण आहे?"

खोटं सांगावंसं वाटलं. "गणवेशवाला आहे. तरी उघड."

आतली साखळी खुळखुळली. मग दार चार बोटं उघडलं आणि एक तळहात बाहेर आला. प्लास्टिकच्या पुडीत दोन गोळ्या.

"खाल्ल्या नाहीत, मूगा. ठेवल्यात. कठीण दिवस आले तर?"

दुसरीच्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, तिसरीच्या उशीखाली. छावणीत राहिलेलं माणूस आलेली वस्तू लगेच संपवत नाही.

तोवर से नेला स्ट्रेचरवर घेतलं होतं. ओठांना दूध लागलेलं, डोळे उघडे.

"त्यांनी नाही खाल्ल्या?"

"नाही. तूच तेवढी हावरट!" लेर पॉ म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

गणवेशवाल्याने गोळ्या मागायला हात पुढे केला. तिने घाईने मूठ उघडली, तशा सगळ्या जिन्यात सांडल्या. ती गुडघ्यांवर बसून वेचू लागली. एक, दोन... पाच. सहावी दिसेना. मग दिसली, काळ्या बुटाच्या टाचेखाली, अर्धी.

तिने वर पाहिलं.

"पाय उचला," ती इंग्रजीत म्हणाली.

त्याने उचलला.