एक कंडेन्सर, दोन मोटरी

अंजूची वॉशिंग मशीन शेवटी चालली. नुसती चालली नाही, न्हाणीघरातून निघून पार गोठ्यापर्यंत चालत गेली आणि म्हशीनं उठून तिला जागा दिली. पण ते सोडा. तसं काही घडलंच नाही असं धरून चला. घरातले सगळे तसंच धरून चाललेत.

तर मशीन बंद होती. अंजूच्या भावानं ती परळीहून दिलेली, तीही वापरून झाल्यावर. पहिल्या पाण्याला अजून तिच्यातून परळीच्या वीज केंद्राची राख निघायची. बटण दाबलं की आतली मोटर ‘हुंऽऽ’ करायची आणि जागची हलायची नाही. त्यात नवरात्र तोंडावर आलेलं. घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी धुवून निघाली पाहिजे, हा तलवाड्यातल्या समस्त सासवांचा कायदा. सत्यभामाबाईंनी तो सुनेला सकाळीच सुनावला होता.

“मशीन चालली तर चालली. न्हाई तर कॅनल हाय.”

कॅनलवर भिजलेली गोधडी पिळणं काय असतं, हे अंजूला गेल्या वर्षी कळलं होतं. दिवाळीपर्यंत तिला हात वर करून वेणी घालता आली नव्हती. म्हणून तिनं नवऱ्याला, लखनला सांगितलं, “अहो, मशीनची मोटर बिघडलीय.”

इथंच चुकलं. नुसती मशीन बिघडली म्हणाली असती तर लखननं गेवराईहून मेकॅनिक आणला असता. पण ती मोटर म्हणाली. तलवाड्यात मोटर विहिरीत असते, नाहीतर बोरमध्ये, आणि आपल्याला ती दुरुस्त करता येत नाही असं कबूल करणारा पुरुष गावात अजून जन्मायचाय.

सासरे आश्रुबा मशीनला कान लावून बसले. “हवा धरली,” म्हणाले.

“मामा, ही कपडे धुती. विहीर उपसत न्हाई.”

“मोटर ती मोटर. पानी पाज तिला.”

लखननं मागचा पत्रा काढून मोटरीला तांब्याभर पाणी पाजलं. फट्ट आवाज झाला. समोरच्या घरातली मालिकासुद्धा बंद पडली.

“निघाली हवा,” आश्रुबा म्हणाले.

फ्यूज बदलून, मोटर उन्हात वाळवून पुन्हा बटण दाबलं. हुंऽऽ.

“फुटबॉल चोकप असंल दादा,” लखन बापाला म्हणाला. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाला जी झडप असते, तिला इथं फुटबॉल म्हणतात. मशीनला ती नसते. हे कळायला लखननं मशीनचा सगळा पाइप उपसला. मग आश्रुबांना आठवलं, की या मोटरीला नारळ फोडलेलाच नाही. विहिरीत मोटर सोडताना फोडतात, तसा मशीनवरच फोडला. नारळ फुटला. झाकणही फुटलं.

“कंडेन्सर गेला असंल,” अंजू दात आवळून म्हणाली. “आपला पंखा असाच हुं हुं करायचा. कंडेन्सर बदलला तवा फिराया लागला.”

“मी तेच म्हनत व्हतो,” लखन म्हणाला, आणि बोरच्या पेटीतला कंडेन्सर काढून आणला. तो जोडला आणि मशीन निघाली. वायर पुरेपर्यंत गेली. म्हशीचं मघाशी सांगितलं. मशीन ढकलत परत न्हाणीघरात आणली.

अंजूनं आनंदानं गोधडी उचलली, नळ सोडला. नळ कोरडा. पाणी बोरचं, आणि बोरचा कंडेन्सर मशीनमध्ये.

“आधी टाकी भरून घेऊ, मंग हिकडं लावू,” ती म्हणाली.

“सारखं काढ-घाल केलं तर बोर रुसंल,” आश्रुबा म्हणाले.

“मंग नवा आना.”

“घरात हाय तर इकत कावून आनायचा?”

“मशीन चालली तर कॅनल न्हाई, असं ठरलं व्हतं, आत्याबाई.”

सत्यभामाबाई गोधड्या मोजून अंगणात टाकत होत्या. “चालली कुठं?”

“तुमच्या म्होरनं गेली की.”

“ती हिंडली. चालली न्हाई.”

लखननं कंडेन्सर काढून बोरला लावला. म्हशीला पाणी पाजायचं होतं. अंजू गावातल्या बचत गटाचे सगळे अर्ज लिहायची. लई संताप आला की ती अर्जाच्याच भाषेत बोलायची. पहिली गोधडी डोक्यावर घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली.

“प्रति, माननीय कुटुंबप्रमुख, आश्रुबा यांचे सेवेशी. विषय, कंडेन्सरबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर कंडेन्सरला घट बसेपर्यंत बोरवर व मशीनवर एकाच वेळी हजर राहण्याची, विशेष बाब म्हणून, परवानगी मिळावी.”