इसोनोची पनवती

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी फुसाए कुराहाशीने इसोनोला स्टँडातून हाकललं, आणि त्या दिवसापासून मिहामा शहराचा बेसबॉल संघ जिंकायलाच लागला.

हाकललं म्हणजे काही मानगूट धरून नव्हे. चौदा वर्षं हा म्हातारा उजवीकडच्या उघड्या स्टँडात, खालून नवव्या बाकावर, तिच्या शेजारी बसत आला होता. धंद्याने न्हावी, दुकान केव्हाच बंद केलेलं. त्या रविवारी नऊपैकी सातव्या डावापर्यंत मिहामावर चार धावा चढल्या होत्या आणि आपली एकही नाही. इसोनो लघवीला म्हणून उठला, तेवढ्यात दोन धावा आल्या. तो परत येऊन बसला, तर पुढचे दोघे बाद. तो चहा आणायला गेला. पुन्हा दोन.

फुसाएने चाळीस वर्षं सासरचा मासळीच्या वड्यांचा कारखाना चालवला होता. वीस बायका हाताखाली. तोंडाशी आलेला शब्द गिळायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

"इसोनो-सान, तुम्ही आलात की पोरांच्या हाताला लकवा मारतो बघा. जा बाहेर! सामना संपेपर्यंत तोंड दाखवू नका."

सगळा स्टँड हसला. म्हाताराही हसला. "जातो बाई, जातो. माझ्यापायी नको अडायला," म्हणत त्याने टोपी उचलली आणि चहाचा पेला तिच्या हातात देऊन गेला. नवव्या डावात मिहामा जिंकलं.

पुढच्या रविवारी ती चार बोलणी तयार ठेवून आली. म्हातारा आलाच नाही. मिहामा जिंकलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही, आणि तेव्हाही जिंकलं. जूनच्या पावसात एक सामना बुडाला, बाकीचे सगळे खिशात. गेली एकतीस वर्षं जो संघ शेवटून दुसरा यायचा, तो जुलैत पहिला होता. मासळीबाजारात, टपालकचेरीत, दाताच्या डॉक्टरकडे, जो तो संघाची हिरवी टोपी घालून फिरायला लागला. कालपर्यंत ज्यांना एका डावात किती बाद हे ठाऊक नव्हतं, ते आता फुसाएला चेंडू फेकणारा पिचर कधी बदलावा ते शिकवू लागले.

"आजी, तुमच्या शेजाऱ्याला येऊ देऊ नका हं," स्टँडातला ट्रम्पेटवाला मुकाई म्हणायचा. घोषणा देणाऱ्यांचा तो म्होरक्या. "पनवती बाहेर, धावा आत!"

"तुझं तोंड फुंकण्यापुरतंच उघड," ती म्हणायची, आणि लोक खिदळायचे. तिला मात्र हसू यायचं नाही.

सवयीने ती भाताचे चार गोळे करायची, आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घालून. दोन मैदानात खायची, दोन घरी नेऊन संध्याकाळी खायची. पण खाण्याचं एवढं काही नाही. भांडायला कोणी उरलं नव्हतं. पिचर दमला की इसोनो म्हणायचा, बदला त्याला. ती म्हणायची, राहू दे, त्याच्या आईने त्याला दमायलाच जन्माला घातलंय का? एवढ्यावर दोघांचे तीन डाव निघायचे. सोमवार ते शनिवार तिच्या घरात रेडिओ तेवढा बोलायचा. मुलं लांबच्या शहरात. फोन यायचा, "आई, जेवलीस? गोळी घेतलीस?" आणि ठेवला जायचा. एक बाद असताना चेंडू नुसता हळूच टेकवून बंट का मारला, हे विचारणारं त्यांच्यातलं कोणी नव्हतं.

म्हातारा आपल्या शब्दापायी येत नाही, हे तिला जूनमध्येच कळलं होतं. आधी तिने नाक वर केलं. मी काय पाया पडू त्याच्या? मग ऑगस्ट आला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि बातम्यांत रोज उन्हाने गेलेल्या म्हाताऱ्यांचे आकडे. इसोनो एकोणऐंशी वर्षांचा. त्याची डावी दाढ दुखते हे तिला माहीत होतं. त्याच्या बायकोला बेसबॉलचा तिटकारा होता आणि ती गेली त्या दिवशीही सामना होता, हेही माहीत होतं. पण तो राहतो कुठे? इसोनो हे आडनाव, पण नाव काय? चौदा वर्षांत विचारलंच नव्हतं. मेला असला तर कोण कळवणार होतं?

मुकाईला विचारता आलं असतं. पण विचारलं आणि म्हातारा खरंच परत आला तर? एकतीस वर्षं सगळं शहर ज्याची वाट बघत होतं, ते एका बाईला रविवारी करमत नाही म्हणून घालवायचं? फुसाए इतकी हलकी नव्हती. रिकाम्या जागेवर तिने पिशवी ठेवली आणि कोणाला बसू दिलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मुकाईनेच विषय काढला. आनंदाने त्याच्या पोटात काही राहत नव्हतं.

"आजी, खरंच तुम्हाला ठाऊक नाही? म्हातारा दर सामन्याला येतो की! समोर बसतो, पाहुण्यांच्या स्टँडात. जो संघ येईल त्याची टोपी घालून. म्हणतो, माझी पनवती फुकट कशाला घालवू, त्यांच्याच गळ्यात बांधतो."

फुसाएने समोर पाहिलं. मैदानाच्या पार पलीकडे माणसं कसली दिसतात, नुसते ठिपके.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगू नका म्हटलं."

"का?"

मुकाईने ट्रम्पेट उगाच पुसलं. "म्हणाले, कुराहाशी-सानना कळलं तर त्या बोलावतील."

"मी? त्या टकल्याला?" ती फिस्कारली. पण त्या दिवशी चेंडू कुठे गेला नि कोण बाद झालं, तिला एकही सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेवटचा सामना. समोर कितागावाचे निळे. जो जिंकेल तो लीगचा विजेता. भर दुपारचं ऊन, बसायला जागा नाही. सहा डावांनंतर मिहामा दोन, निळे एक. घसा फुटेस्तोवर ओरडणारा स्टँड आता श्वास धरून बसला होता. कोणी पाय हलवत नव्हतं, कोणी उठत नव्हतं. पुढे असताना जागा सोडायची नाही, हे या बाकांवर कोणाला सांगावं लागत नाही.

फुसाए उठली.

"आजी!" मुकाईचा आवाज चिरकला. "आत्ता नाही! खाली बसा! आपण पुढे आहोत!"

"ट्रम्पेटात फुंक, माझ्या कानात नको," ती म्हणाली आणि लोकांचे गुडघे तुडवत बाहेर पडली. मागून शिव्या आल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि आपल्याच लोकांच्या.

धावफलकामागून वळसा घालताना तिचा उजवा गुडघा बोंबलत होता. पाहुण्यांच्या दाराशी रखवालदाराने हात आडवा केला. "आजी, इथे हिरवं चालत नाही." तिने वरून घातलेला हिरवा सदरा काढून पिशवीत कोंबला. पिशवीचा बंदही हिरवा होता. तो त्या बंदाकडे बघतच राहिला.

"आता काय कातडी सोलून देऊ?" ती म्हणाली. त्याने हात खाली घेतला.

इसोनो अगदी वरच्या बाकावर कडेला होता. डोक्यावर निळी टोपी, हात मांडीवर, पूजेला बसल्यासारखा. तिला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"जागा सोडलीत?" तो कुजबुजला. "आपण पुढे आहोत! परत जा, अजून तीन डाव आहेत!"

"नाही जात. सरका."

"हरलो तर?"

"हरलो तर हरलो."

हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. म्हातारा सरकला. शर्टाची गळपट्टी मानेभोवती दोन बोटं सैल झाली होती.

"वाळलात किती!"

"उन्हाळा होता." मग दबक्या आवाजात, "इथे बोलू नका. लोक ऐकतील."

आठव्या डावात निळ्यांनी बरोबरी केली. आजूबाजूची माणसं उड्या मारू लागली. इसोनोने तिच्याकडे पाहिलं. अजूनही परत जा, असं ते बघणं होतं. तिने दोन्ही हातांनी बाक धरला.

नववा डाव. मिहामाचा एक गडी पहिल्या बेसवर. पुढच्याने बंट मारून स्वतःला बाद करून घेतलं आणि त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. मग एक सरळ फटका, दोन खेळाडूंच्या मधून. दुसऱ्या बेसवरचा गडी धुळीत पोटावर घसरत शेवटच्या बेसवर पोचला, विजयाची धाव झाली.

समोरचा अख्खा स्टँड हिरवा उसळला. इथे स्मशानशांतता. त्या शांततेत दोघं ताठ बसून होते. फुसाएने गाल आतून दातांत धरला. इसोनोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागच्या बाकावरच्या एका जाड बाईने आपला निळा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला.

"रडू नका हो आजोबा. पुढच्या वर्षी आपणच जिंकू."

"हो," इसोनो म्हणाला. "पुढच्या वर्षी."

बाक रिकामे होत गेले. पलीकडे खेळाडू प्रशिक्षकाला हवेत उडवत होते, आणि मुकाईचं ट्रम्पेट तालसूर सोडून वाजत होतं. तिथे या दोघांना कोणी शोधत नव्हतं.

इसोनो बोलला, एकेक शब्द चाचपत.

"तुम्ही माझ्या शेजारी होतात. मांडीला मांडी लावून. तरी जिंकले."

"बघितलं मी."

"म्हणजे मी तिकडेच बसलो असतो, तरीही..."

"गप्प बसा."

मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. उगाच वेगळे बसून घालवलेले हे महिने मोजायची गरज नव्हती, दोघांच्याही अंगात ते मुरले होते. उद्यापासून मार्च उजाडेपर्यंत रेडिओवरही सामना नसणार.

"राहता कुठे?" फुसाएने मैदानाकडे बघत विचारलं.

"कशाला?"

"मेलात तर मला कळायला नको?"

त्याने टोपी काढली आणि पत्ता सांगितला. गल्ली, पूल, पुलाच्या अलीकडचं तिसरं घर. तिला भराभर लिहिता येत नसे. तिने तो तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला आणि म्हणाली, "पुन्हा सांगा. सावकाश."